छायाभागीदार

दिगंबर तोडणकर वारले त्याला सात महिने झाले होते, आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आपल्या मुलीच्या विरोधात मत दिलं.

खारवाडे बंदराच्या जेटीला लागूनच तोडणकरांचा बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या ऑफिसात टेबलाभोवती तिघं बसली होती. तेजल तोडणकर, एकोणतीस वर्षांची, फर्मची भागीदार. तिच्या समोर बँकेचे व्यवस्थापक कुलथे. आणि कुलथ्यांच्या शेजारी 'निळाई कोल्डचेन' या मोठ्या मासळी कंपनीचे सामंत, इस्त्रीच्या शर्टात, घाम पुसत. टेबलाच्या मधोमध एक राखाडी पेटी होती. तिच्यावर हिरवा दिवा लागलेला होता.

सामंतांनी प्रस्ताव वाचून दाखवला. कारखान्याचा सगळा बर्फ दहा वर्षं 'निळाई' घेईल. दर ठरलेला, पैसे महिन्याच्या महिन्याला. अट एकच. बंदरात दुसऱ्या कुणालाही बर्फ विकायचा नाही.

"मला हा सौदा मान्य आहे," पेटीतून आवाज आला. तोच घोगरा, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा दिगंबरांचा आवाज. "दहा वर्षांचं गिऱ्हाईक दारात चालून आलंय. उधारी नाही, वसुलीची पायपीट नाही. सही करून टाका."

"मला मान्य नाही," तेजल म्हणाली.

कुलथ्यांनी चष्मा काढला. "मॅडम, त्यांचा हिस्सा एक्कावन्न टक्के आहे."

"त्यांचा होता."

"कायद्याने अजून आहे."

"मग कायद्यानेच हरकत घेते. लिहून घ्या, आत्ताच."

सामंत हसले. माणूस सज्जन होता, हसूही सज्जनपणाचंच होतं. "तेजलताई, तुमच्या वडिलांचा शब्द आहे. आम्ही काही जबरदस्ती करत नाही."

तेजलने पेटीचं बटण दाबून हिरवा दिवा विझवला. आवाज बंद करता येत होता. मत बंद करता येत नव्हतं.

छायाभागीदार हा प्रकार तोवर लोकांच्या अंगवळणी पडला होता. भागीदारीत दोघंच असले आणि त्यातला एक गेला, की फर्म मोडते, असा जुना नियम. फर्म मोडली की तिच्या नावावरचे परवाने, वीजजोडणी, बँकेची कर्जमर्यादा सगळंच लोंबकळतं. अशी कितीतरी दुकानं, गिरण्या, वर्कशॉप एका हार्ट अ‍ॅटॅकने बंद पडायची. त्यावर उपाय म्हणून सातत्य कायदा आला. माणूस हयात असतानाच त्याची संमती घेऊन त्याच्या धंद्यातल्या निवडी एका संगणकप्रणालीला शिकवायच्या. कुणाला उधारी दिली, कुणाला नाकारली, कुठल्या भावावर अडून बसला, फोनवर काय बोलला, कुठल्या बिलावर कुरकुर केली. प्रणाली एकाच प्रश्नाचं उत्तर देते. समोर हे पर्याय आहेत, तर या माणसाने यातला कुठला निवडला असता? ती स्वतः विचार करत नाही. ओल्या वाळूत उमटलेल्या पावलांवरून माणूस कुठल्या दिशेला निघाला होता ते सांगावं, तसं ती जुन्या निवडींमधून एक वळण शोधते आणि ते पुढे वाढवत नेते. माणूस गेला की ही प्रणाली त्याच्या जागी बसते. तिला मत असतं, सही असते. नफा मात्र वारसाला जातो.

दिगंबरांनी संमती दिली होती ती कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी. बँकेने पुढे केलेल्या कागदांवर त्यांनी एकामागून एक सह्या ठोकल्या, त्यातलाच एक कागद हा. बँकांना छायाभागीदार फार आवडत. तो आजारी पडत नाही, रुसत नाही, लहरीपणा करत नाही. छायाभागीदार असलेल्या फर्मला व्याजसुद्धा कमी लागे.

तेजल घरी गेली तेव्हा आई, शर्मिला, ओट्याशी उभी राहून सुरमई साफ करत होती. मोबाइल खिडकीत टेकवलेला.

"विजेचं बिल भरलं का हो?" आईने विचारलं.

"भरलं. मुदतीच्या आत भरलं," मोबाइलमधून दिगंबर म्हणाले.

"आणि अमोनियाची टाकी?"

"तपासणी पुढच्या महिन्यात आहे."

हे रोजचंच होतं. छायाभागीदार फक्त धंद्याचं बोलतो. जेवलीस का, पाय दुखतो का, असल्या गोष्टींना त्याच्याकडे उत्तर नसतं. म्हणून ज्या बाईने उभ्या आयुष्यात कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं, ती आता रोज विजेचं बिल विचारायची. तेजलला हे कळत होतं. म्हणूनच तिने आजवर आईला कधी टोकलं नव्हतं.

"कुलथ्यांचा फोन आला होता," आई पाठमोरीच म्हणाली. "तू यांच्या विरोधात गेलीस म्हणे."

"आई, ते बाबा नाहीत."

"आवाज कुणाचा मग?"

"आवाज बाबांचाच आहे."

"त्यांना धंदा कळत होता. तुझ्यापेक्षा जास्त."

"कळत होता. कदाचित बाबासुद्धा या सौद्याला हो म्हणाले असते. पण मी त्यांच्याशी भांडले असते ना! त्यांनी जेवणाचं ताट सरकवलं असतं, मी दार आपटलं असतं. चार दिवसांनी एक तर त्यांचं मला पटलं असतं, नाही तर माझं त्यांना. याच्याशी मी आज दुपारी तासभर वाद घातला. दहा वेळा तेच वाक्य, त्याच सुरात. चिडतसुद्धा नाही गं तो."

आईने सुरमईच्या तुकड्यांना मीठ-हळद लावली आणि हात धुतले. "चिडत नाही तेच बरं," ती म्हणाली. पण तिने मोबाइल उचलला तेव्हा तो उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या खिडकीशी जयवंती खरवी उभी होती. तिच्या घरच्या दोन लहान होड्या होत्या. मासळीच्या लिलावात तिच्या बोलीपुढे बोली लावायला बाप्येसुद्धा कचरत.

"आमचा बर्फ बंद करतेस काय गो?"

"कोण म्हणालं?"

"सगळं बंदर म्हणतंय. बर्फ नसला तर मासळी दुपारपर्यंत कुणाच्या तरी गळ्यात मारावी लागणार. आणि दुपारी बंदरावर घेणारी एकच गाडी, ती कुणाची?" तिने जेटीवर उभ्या असलेल्या निळ्या ट्रककडे हनुवटीनेच खूण केली. "तुझा बाप कंजूस होता. तोंडावर शिव्या घातल्यात मी त्याला. पण बर्फाची लादी मागितली आणि नाही म्हणाला, असं झालं नाही."

"नाही म्हणायचं की हो, ते अजून ठरायचंय, काकी."

"मग ठरव," जयवंती म्हणाली आणि बर्फ घेऊन गेली.

तेजल रत्नागिरीला अ‍ॅडव्होकेट नाझनीन मुकादम यांच्याकडे गेली. मुकादमबाई साठीच्या, आवाज बारीक, नजर तिखट. टेबलावर कागद फार कमी. तेजलने सगळं सांगितलं आणि मग एकामागून एक प्रश्न विचारत सुटली. माझ्या एकटीच्या सहीने फर्म चालेल का? परवाना कुणाच्या नावावर? कर्ज फिटलं नाही तर घर जाईल का?

"छोट्या धंद्याची माणसं हेच प्रश्न घेऊन येतात," मुकादमबाई म्हणाल्या, "फक्त आग लागल्यावर. तुम्ही धूर दिसल्यावर आलात. बसा नीट."

त्यांनी एकेक धागा सोडवला. भागीदारीत जबाबदारीला कुंपण नसतं. फर्मचं देणं फर्मच्या मालमत्तेतून भागलं नाही, तर भागीदाराचं घर, दागिने, गाडी, सगळं त्यात येतं. आज ती जबाबदारी एकट्या तेजलवर होती, कारण छायेला घर नसतं.

"म्हणजे निर्णय त्याचा आणि बुडाले तर मी?"

"बरोबर. आता दुसरी बाजू ऐका. न्यायाधिकरणापुढे जाऊन त्याचं मत रद्द करून घेता येईल, पण छायाभागीदार मूळ माणसाचं खरं प्रतिनिधित्व करत नाही, हे सिद्ध करावं लागेल. आजवर कुणाला जमलेलं नाही. आणि जमलं तर काय होईल माहीत आहे? फर्ममध्ये एकटी तुम्ही उराल. एकटीची भागीदारी होत नाही. मुदतीत दुसरा जिवंत भागीदार आणला नाही तर फर्म मोडेल."

"मग मी स्वतःच्या नावावर नवा परवाना घेईन."

"जेटीच्या हद्दीत अमोनियावर चालणाऱ्या कारखान्याला आता नवा परवाना मिळत नाही. जुना आहे तो या फर्मच्या नावावर, फर्म जिवंत असेपर्यंत." मुकादमबाईंनी खांदे उडवले. "हरलात तर बर्फ जाईल. जिंकलात तर कारखाना जाऊ शकतो. विचार करून सांगा."

"विचार झालाय," तेजल म्हणाली. "सिद्ध कसं करायचं ते सांगा."

मुकादमबाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

प्रणाली शिकवताना नोंदी आधी साफ केल्या जातात, हे त्यांनी समजावलं. माणूस तापात असताना, दुःखात असताना, चुकून, लहरीत काही ठरवतो. बाकीच्या निवडींशी ज्यांचा मेळ बसत नाही, अशा नोंदी 'विसंगत' म्हणून बाजूला काढतात. न काढल्या तर प्रणाली गोंधळते. काय काढलं ते कंपनी दाखवत नाही, ते तिचं व्यापारी गुपित. पण कंपनी आपली अचूकता दाखवायला एक चाचणी घेते. प्रणालीला भूतकाळातल्या एखाद्या दिवसावर नेऊन ठेवतात, त्यानंतरचं सगळं तिच्यापासून लपवतात, आणि त्या दिवशी त्या माणसाने जो निर्णय घेतला तो विचारतात. उत्तर जुळलं की गुण.

"तुमच्या वडिलांचा एखादा निर्णय सांगा. मोठा. कागदावर असलेला. आणि त्यांच्या स्वभावात न बसणारा."

तेजलने एक निर्णय सांगितला.

"छायाभागीदाराला हे कधी विचारलंत?" मुकादमबाईंनी विचारलं.

"नाही. हिंमत झाली नाही."

"आता विचारूही नका. तुम्ही विचारलेलं सगळं कंपनीला दिसतं, आणि एकदा दिसलं की ते दुरुस्ती करतात. सुनावणीत विचारायचं, एकदाच. उत्तर जुळलं तर आपण तिथेच संपलो, हे ध्यानात ठेवा."

सुनावणीला आईही आली. "मी तुझ्या बाजूने येत नाहीये," तिने गाडीत बसतानाच सांगून टाकलं. "त्यांना एवढ्या लोकांत एकटं कसं सोडायचं, म्हणून येतेय." तेजलने तिच्यासाठी दार उघडून धरलं.

न्यायाधिकारी देवस्थळी शांत गृहस्थ होते. एका बाजूला कुलथे आणि सामंत. त्यांच्याजवळ प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचा अभियंता शार्दूल पंडित, हुशार आणि नम्र. राखाडी पेटी साक्षीदाराच्या जागी ठेवली होती.

शार्दूलने सांगितलं की दिगंबर तोडणकरांच्या छायाभागीदाराची अचूकता शंभरात शहाण्णव आहे. जिवंत माणूससुद्धा स्वतःच्या आठवणीतून स्वतःचे जुने निर्णय इतके अचूक सांगू शकत नाही. मुकादमबाईंनी चाचणीची मागणी केली तेव्हा त्याने लगेच मान डोलावली. "कुठलाही निर्णय निवडा. आमची हरकत नाही."

"तारीख फर्मच्या सध्याच्या भागीदारीपत्राच्या आदल्या दिवसाची घ्या," मुकादमबाई म्हणाल्या. "सात वर्षांपूर्वीची."

शार्दूलने तारीख भरली. पेटीवरचा दिवा पिवळा झाला, मग पुन्हा हिरवा. आता पेटीसाठी बाहेर सात वर्षांपूर्वीचं जग होतं.

तेजल उभी राहिली. प्रश्न तिनेच विचारायचा, असं ठरलं होतं.

"दिगंबर तोडणकर," ती म्हणाली. बाबा म्हणायचं नाही, हे तिने मनाशी घोकलं होतं. "तुमचा भाऊ वसंत भागीदारीतून बाहेर पडतोय. फर्म टिकवायला दुसरा भागीदार हवा. पर्याय दोन. रत्नागिरीचे व्यापारी शेट्ये भांडवल घेऊन यायला तयार आहेत. किंवा तुमची मुलगी तेजल. बावीस वर्षांची, रसायनशास्त्राची पदवी, अनुभव नाही, भांडवल नाही. कुणाला घ्याल?"

पेटीने वेळ लावला नाही.

"शेट्यांना घ्या. भावाला धंद्यात घेऊन एकदा हात पोळलेत, आता नातं नको. मुलीला पगारावर ठेवा. उद्या लग्न होऊन गेली तर हिस्सा कुणाच्या घरात जाईल? शिवाय पोर हट्टी आहे. तिच्याच्याने धंदा व्हायचा नाही."

ही पेटी खोटी ठरावी म्हणूनच तेजल इथवर आली होती. हेच उत्तर तिला हवं होतं. तरीही तो आवाज ऐकताना तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"हे खोटं आहे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. मागच्या बाकावर शर्मिला उभी होती.

"आपण कोण?" देवस्थळींनी विचारलं.

"त्यांची बायको. साहेब, मला कायदा कळत नाही, पण सहीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. पेटीतलं बोलणं सगळं खरं आहे, निवड तेवढी खोटी. शेट्यांच्याच नावाचा कागद तयार होता. नातं नको, पोर हट्टी, हे पण ते घरी बोलले होते, अगदी याच शब्दांत. आम्ही सही करायला रत्नागिरीला निघालो. हातखंब्याला चहा प्यायला थांबलो. चहा अर्धा ठेवून हे उठले आणि वकिलाला फोन लावला. म्हणाले, नाव बदला, तेजल लिहा."

"कारण काय सांगितलं?"

"मी पण तेच विचारलं. गाडीत, घरी, नंतर कितीदा तरी. एकच उत्तर द्यायचे." शर्मिलाने पेटीकडे पाहिलं. "म्हणायचे, वाटलं."

शार्दूल सावकाश उठला. "साहेब, वहिनींच्या भावनांचा आदर आहे. पण हा एकच निर्णय आहे. असे अपवाद गणिती अर्थाने कचरा असतात. शंभरातल्या शहाण्णवांचा विचार व्हावा."

"त्या शहाण्णवांत माझं काही भांडण नाही," तेजल म्हणाली. तिचा आवाज आता ठाम झाला होता. "विजेचं बिल वेळेवर भरायचं, बुडव्याला उधारी द्यायची नाही, हे कुठलाही शहाणा धंदेवाला करतो. तेवढ्यासाठी माझे बाबा कशाला लागतात? तुम्ही जे चार कचरा म्हणून काढून टाकलेत ना, ते माझे बाबा होते. त्यातल्या एकामुळे मी इथे उभी आहे. साहेब, याचं मत माझ्या वडिलांचं असेल, तर मी या फर्मची भागीदारच नाही, आणि त्यांची सही खोटी. सही खरी असेल, तर हा माझा बाप नाही. दोन्ही एकदम खरं होणार नाही. काय ते तुम्ही ठरवा."

देवस्थळींनी निकाल जेवणाच्या सुट्टीनंतर दिला. बाजूला काढलेल्या नोंदी कंपनी उघड करत नाही तोवर छायाभागीदाराचं मत स्थगित. तो सल्ला देऊ शकेल, मोजला जाणार नाही. बर्फाचा सौदा रद्द. आणि फर्मला दुसरा जिवंत भागीदार आणायला दोन महिन्यांची मुदत.

बाहेर मुकादमबाईंनी तेजलचा हात दाबला. "कंपनी उघड करणार नाही. तेवढं एक दाखवलं तर त्यांना सगळ्यांचं दाखवावं लागेल. आता माणूस शोधा."

परतीच्या वाटेवर आई खिडकीतून बाहेर पाहत होती. हातखंबा आलं तेव्हा तिने गाडी थांबवायला सांगितली. दोघी चहाच्या टपरीशी उतरल्या.

"माणूस शोधायचाय म्हणाली ना ती बाई?"

"हो. सामंतांनी तिथेच सांगितलं, निळाई भागीदार व्हायला तयार आहे म्हणून."

"आणि तू कुणाला घेणार?"

तेजलने चहाचा ग्लास खाली ठेवला. "आई, तुला विचारायचंय. पण आधी पूर्ण ऐक. आत्ता तुला बाबांच्या हिश्शाचा नफा मिळतो आणि जबाबदारी काहीच नाही. भागीदार झालीस की घरसुद्धा फर्मच्या देण्याला बांधलं जाईल. ते तुझ्या नावावर आहे. छाया गेली म्हणून बँक व्याज वाढवणार, आपल्या दोघींची वैयक्तिक हमीही मागणार. बर्फ चालला नाही, बंदर बसलं, मी चुकले, तर आपण दोघी रस्त्यावर. नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. मी दुसरं कुणीतरी शोधेन."

"शोधशील कुणाला? शेट्यांना?"

"शेट्ये गेले वारून."

आईला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळ्यांत पाणी आलं. तिने पदराने तोंड पुसलं.

"मी त्याला रोज विजेचं बिल विचारायचे," ती म्हणाली. "वेड्यासारखी. तुला कळत होतं ना?"

"हो."

"आज तो तुझ्याबद्दल बोलला तेव्हा मला आधी वाटलं, हे असंच बोलायचे. आणि मग वाटलं, बोलायचे असं, पण करायचे नाहीत." तिने चहा संपवला. "मला त्या कारखान्यातलं शष्प कळत नाही गो, तेजू."

"शिकवीन."

"आणि मला नाही पटलं तर नाही म्हणणार हां मी. नुसती सहीची बाई म्हणून ठेवणार असशील तर नको."

"मला तेच हवंय."

नव्या भागीदारीपत्रावर दोघींच्या सह्या झाल्या. कुलथ्यांनी व्याज वाढवलं, हमीचे कागद पुढे केले आणि प्रत्येक कागदाशी थांबून विचारलं, "वहिनी, नीट विचार केलात ना? छायाभागीदार असता तर हे काहीच लागलं नसतं." शर्मिलाने प्रत्येक कागद सावकाश वाचला. जिथे समजलं नाही तिथे विचारलं, आणि एका ठिकाणी हमीला मुदतीची मर्यादा घालून घेतल्याशिवाय सही करणार नाही, म्हणून अडून बसली. कुलथे वरिष्ठांना फोन लावायला उठले. तेजल आश्चर्याने आईकडे पाहत राहिली. ही अट घालायला मुकादमबाईंनी दोघींनाही सांगितलं होतं. तेजल विसरली होती, आई विसरली नव्हती.

मुदत घालून मिळाली.

पुढच्या पंधरवड्यात शर्मिला रोज कारखान्यात आली. मिठाच्या पाण्याच्या हौदात साचे कसे उतरवतात, लादी कशी सुटते, कॉम्प्रेसर किती वीज खातो, सगळं तिने उभं राहून पाहिलं. अमोनियाचा वास नाकात गेला की तिला ठसका लागायचा. तरी ती बाहेर जायची नाही.

एक दिवस सामंत पुन्हा आले. या वेळी एकटेच, दर वाढवून.

"अट थोडी सैल केलीय," ते म्हणाले. "होडीवाल्यांना दहावा भाग बर्फ देता येईल. वहिनी, तुम्ही तरी समजून घ्या. दोघी बायका एवढा धोका पत्करताय. निदान साहेबांच्या आवाजाला एकदा विचारा. त्याचा सल्ला घ्यायला कायद्याची मनाई नाही."

तेजल काही बोलणार, इतक्यात शर्मिलाने हात वर केला.

"सामंत, ते आज असते तर काय म्हणाले असते, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं संसार केला त्यांच्याशी. एकदासुद्धा मला आधी कळलं नाही. मग त्या डब्याला कुठून कळणार? दहावा भाग आम्ही तुम्हाला देऊ. हवा असला तर घ्या. रोखीने. बाकीचा बंदराचा."

सामंत उठले. जाताना त्यांनी नमस्कार केला आणि या खेपेस ते हसले नाहीत.

खिडकीशी होडीवाल्यांची रांग लागली होती. जयवंतीची हाक आतपर्यंत ऐकू येत होती. तेजल आईकडे वळली, तोंडभर हसत.

"हसू नकोस," शर्मिला म्हणाली. "होड्यांना तू लावलेला दर मला पटलेला नाही. व्याज वाढलंय, हमी दिलीय, आणि तू बर्फ जुन्याच भावाने विकतेस. असं चालायचं नाही."

"आई, त्या लोकांना परवडणार नाही."

"परवडतं की नाही ते जयवंतीला विचारून सांग मला, तुझ्या मनाने नको. मला पटवून दे. नाही पटलं तर मी नाही म्हणेन."

तेजलने खुर्ची पुढे ओढली. तिने सुरुवात केली, आईने दुसऱ्याच वाक्याला अडवलं, आणि दोघींचे आवाज चढत गेले. खिडकीवर बर्फ फोडणारा माणूस क्षणभर थांबून आत डोकावला, आणि पुन्हा कामाला लागला.